आठवड्याच्या पाराशातून जगण्याचा धडा कसा शोधावा

यहुदी परंपरेत तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, वर्षभरात एकदा पूर्ण वाचून व्हावेत अशा बेताने 54 भागांत विभागलेली आहे. अशा प्रत्येक भागाला पाराशा म्हणतात. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहात, त्या आठवड्याचा पाराशा चर्मपत्राच्या गुंडाळीवरून मोठ्याने वाचला जातो, आणि सिम्हात तोराच्या सणाला शेवटचा भाग संपताच लगेच 'बेरेशीत'पासून, सृष्टीच्या उत्पत्तीपासून, पुन्हा आरंभ होतो. हे वाचन ऐकणाऱ्याला त्यातून आपल्या रोजच्या वागण्यासाठी काही हाती लागावे, असे मनापासून वाटते. पण ते कसे मिळवायचे, हे सहसा कोणी सविस्तर सांगत नाही. पुढे दिलेल्या पद्धतीचा मुख्य आग्रह एकच आहे: धडा आधी ठरवून तो मजकुरात शोधायला जाऊ नये, तर मजकूर वाचताना जिथे आपण अडखळतो तिथून धडा निघू द्यावा.

पाराशा ठरवणे आणि मूळ मजकूर वाचणे

त्या आठवड्याचा पाराशा कोणता, हे यहुदी दिनदर्शिकेत पाहावे. सामान्य वर्षात शनिवार कमी पडतात म्हणून काही पाराशे जोडीने वाचले जातात, हे लक्षात ठेवावे. तसेच पेसाहचा, म्हणजे वल्हांडण सणाचा, आठवा दिवस शनिवारी आला, की इस्राएलमधले वाचन बाहेरच्या देशांपेक्षा काही आठवडे पुढे जाते, कारण तिथे हा सण सातच दिवसांचा असतो. मुंबई किंवा ठाण्यातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, कुटुंबाने इस्राएलमधल्या अश्दोद किंवा दिमोना येथील नातेवाइकांशी फोनवर पाराशाबद्दल बोलायचे ठरवले असेल, तर त्या काळात दोघांसमोर वेगवेगळे पाराशे असतील.

हिब्रू येत नसेल तर मराठी बायबलमधले उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद हे पाच ग्रंथ वाचनासाठी घेता येतात. मात्र काही ठिकाणी त्यांतले अध्याय-वचनांचे क्रमांक हिब्रू प्रतीपेक्षा पुढेमागे असतात, त्यामुळे पाराशाच्या सुरुवातीचे व शेवटचे वचन मजकुरावरून पडताळून घ्यावे.

शनिवारच्या वाचनासाठी प्रत्येक पाराशाचे सात विभाग केलेले असतात आणि प्रत्येक विभागासाठी एकेका व्यक्तीला पुढे बोलावले जाते. हीच विभागणी घरच्या वाचनासाठी सोयीची आहे: रविवारी पहिला विभाग, सोमवारी दुसरा, असे करत शनिवारी सातवा. या पहिल्या वाचनात भाष्य, प्रवचन, चित्रफीत यांपैकी काहीही जवळ घेऊ नये. परंपरेने मूळ पाठ दोनदा आणि त्याचा अरामी या प्राचीन भाषेतला अनुवाद एकदा वाचण्याचा नियम घालून दिला आहे, आणि तालमूद या प्राचीन यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. अरामी सर्वांना शक्य नाही, पण दोनदा वाचण्याची शिस्त कोणालाही पाळता येते, आणि दुसऱ्या वाचनातच खरे अडथळे दिसू लागतात.

प्रश्न लिहून काढणे

वाचताना जे खटकले, अनावश्यक वाटले, किंवा अपेक्षित असूनही सांगितलेले नाही, ते प्रश्नाच्या रूपात लिहावे. उत्तर लिहू नये. नेहामा लायबोविट्झ (1905–1997) या जेरुसलेममधल्या विदुषीने 1942 पासून सुमारे तीन दशके दर आठवड्याच्या पाराशावर प्रश्नपत्रिका काढल्या आणि लोकांनी पाठवलेली उत्तरे स्वतः तपासून परत केली. त्यांची बहुतेक शिकवण प्रश्नांतूनच झाली. भाष्यकाराने एखादी गोष्ट का सांगितली, म्हणजे मूळ वचनात त्याला काय अडले, हे विचारायला त्या शिकवत. ही सवय लागली, की भाष्य वाचणे हे केवळ मत स्वीकारणे राहत नाही.

प्रश्न मोठा असण्याची गरज नाही. 'वायिगाश' या पाराशाचे उदाहरण घेऊ. त्यात मिसरचा अधिकारी झालेला योसेफ, ज्या भावांनी त्याला विकले होते त्यांच्यासमोर आपली ओळख उघड करतो, रडतो, त्यांना जवळ घेतो आणि वडिलांना घेऊन येण्यासाठी गाड्या व शिधा देऊन त्यांची पाठवणी करतो. निरोप देताना मात्र तो म्हणतो, वाटेत भांडू नका (उत्पत्ती 45:24). सारे काही मिटलेले असताना, आनंदाच्या ऐन क्षणी, ही ताकीद कशाला? इथे थांबावे, आणि घाईने पुढे जाऊ नये.

भाष्याकडे वळणे

आता राशी या नावाने ओळखले जाणारे, फ्रान्सच्या त्र्वा नगरातील रब्बी श्लोमो यित्स्हाकी (1040–1105) यांचे भाष्य उघडावे. ते थोडक्यात असते आणि 'सेफारिया' या मोफत ऑनलाइन संग्रहात इंग्रजी अनुवादासह मिळते. या वचनावर राशी एकाहून अधिक अर्थ देतात: वाटेत धर्मशास्त्राच्या वादात गुंतून रस्ता चुकू नका, लांब ढांगा टाकत घाईने जाऊ नका, आणि सरळ अर्थ असा, की भाऊ आधीच लाजेने खाली मान घालून होते, त्यामुळे वाटेत ते 'तुझ्यामुळे विकला गेला, तू चहाड्या केल्यास' असे एकमेकांवर तुटून पडतील, अशी योसेफला भीती वाटली.

शेवटचा अर्थ ज्याने भाऊबंदकी जवळून पाहिली आहे त्याला लगेच समजेल. जमिनीचा किंवा घराचा तंटा मिटतो, सह्या होतात, सगळे एका पंगतीला बसतात, आणि घरी परतताना आधी कोण बोलले, कोणी कान भरले, याचा हिशोब नव्याने निघतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने क्षमा केली, तरी अन्याय करणाऱ्यांमधला आपापसातला दोषारोप उरतोच, आणि योसेफला तो दिसला. माझ्या मते एवढी एक ओळ नीट समजली तरी त्या आठवड्याचे वाचन सार्थकी लागले.

याच पाराशात पुढचा प्रश्नही दडलेला आहे, आणि त्यासाठी मागचे पाराशे आठवावे लागतात. 'वायेशेव'मध्ये योसेफला विकण्याची सूचना त्याचा भाऊ यहूदा याने केली होती, आणि 20 चांदीच्या नाण्यांना त्याचा सौदा झाला होता. 'वायिगाश'मध्ये तोच यहूदा धाकट्या बन्यामीनच्या जागी स्वतः गुलाम म्हणून राहायला तयार होतो. बन्यामीनही बापाचा लाडका, योसेफप्रमाणे राहेलीचाच मुलगा. त्याला मागे टाकून निघून जाण्याची संधी पुन्हा तशीच समोर आलेली आहे. मध्ययुगीन यहुदी विद्वान मायमोनिडीज (1138–1204) यांनी 'मिश्ने तोरा' या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथात पूर्ण पश्चात्तापाची खूण सांगितली आहे: तोच प्रसंग पुन्हा येतो, तेच करण्याची ताकद अजून असते, आणि तरीही माणूस ते करत नाही. यहूदाला ही खूण तंतोतंत लागू पडते. म्हणून एकेक पाराशा सुटा न वाचता, आधी घडलेले मनात ठेवून वाचावे.

कोरड्या वाटणाऱ्या पाराशांचे काय

कथा नसलेल्या भागांत, विशेषतः लेवीय ग्रंथातल्या यज्ञार्पणांच्या तपशिलात, बरेच वाचक धीर सोडतात. तिथे प्रश्न विचारण्याची जागा बदलावी: हा नियम कोणाची काळजी घेतो, असे विचारावे. काही दोषांसाठी अर्पण मेंढीचे असावे, ती परवडत नसेल तर दोन पक्ष्यांचे, आणि तेही जमत नसेल तर एफा या धान्याच्या मापाचा दहावा भाग पिठाचे असावे, असे पाचव्या अध्यायात सांगितले आहे. दुसऱ्या अध्यायातल्या धान्यार्पणाबद्दल राशी तालमूदच्या आधारे सांगतात, की ते सहसा गरीब माणूस आणतो, आणि देव ते त्याने स्वतःचा प्राण अर्पण केल्यासारखे मानतो. वर्गणी किंवा आहेराच्या यादीत आकडे वाचून माणसाची किंमत करण्याची सवय आपल्याकडेही आहे, आणि या नियमासमोर ती टिकत नाही.

धड्याचे कृतीत रूपांतर

मिळालेला धडा 'चांगले वागावे' इतका पसरट राहिला तर तो मंगळवारपर्यंत विसरला जातो. त्याला माणूस, वेळ आणि कृती जोडावी. 'केदोशीम' पाराशात मजुराचे वेतन सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा आहे (लेवीय 19:13). तिचा धडा 'कामगारांचा आदर करावा' असा न लिहिता 'घरकामाला येणाऱ्या मावशींचे पैसे ठरलेल्या तारखेलाच, त्यांनी मागण्याआधी द्यावेत' असा लिहावा. तो आठवडाभरात पाळला गेला की नाही, हे स्पष्टपणे सांगता येते.

लिखाण शुक्रवारच्या सूर्यास्ताआधी संपवावे, कारण परंपरा पाळणाऱ्या घरात शब्बाथला लिहीत नाहीत. जेवणाच्या वेळी मात्र तो विचार तोंडी, थोडक्यात, घरच्यांसमोर मांडावा: आधी प्रश्न, मग मुलांची व पाहुण्यांची उत्तरे, आणि शेवटी भाष्यकाराचे म्हणणे. मराठीत असे सांगण्याला चांगली परंपरा आहे. कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणाऱ्या, आणि म्हणून 'शनिवार तेली' म्हणवल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजाने एकोणिसाव्या शतकात तोरातल्या कथा मराठी कीर्तनातून गाऊन सांगितल्या. यहुदी नसलेल्या वाचकानेही ही पद्धत निःसंकोच वापरावी. फक्त या ग्रंथावर एका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची साधना उभी आहे, हे जाणून त्यांचे भाष्य ऐकल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

वहीत प्रत्येक पाराशासाठी स्वतंत्र पान ठेवावे आणि वर वर्ष लिहावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच पानावर नवा प्रश्न लिहिता येईल आणि मागचे उत्तर अजून पटते का हे तपासता येईल. मध्येच काही आठवडे खंड पडला तर राहिलेले पाराशे भरून काढत बसू नये. येत्या शनिवारी सिनेगॉगमध्ये जो पाराशा वाचला जाणार आहे, तिथूनच पुन्हा सुरुवात करावी. सुटलेली पाने पुढच्या वर्षी त्या त्या आठवड्यात भरता येतात.