धूळ ओढणाऱ्या यंत्राची नळी बदलताना : मापापासून अर्थिंगपर्यंत

लाकूडकामाच्या वर्कशॉपमधली धूळ ओढणारी नळी बहुधा एकाच ठिकाणी फाटते: यंत्राच्या तोंडावरच्या क्लिपच्या लगेच पुढे, जिथे ती रोज वाकते. तिथे चिकटपट्टी गुंडाळून काही दिवस निभावते. पण फटीतून बाहेरची हवा आत शिरत राहते आणि तेवढी ओढ करवतीच्या पात्यापाशी कमी पडते. नळी बदलायची वेळ आलीच असेल, तर नवी नळी घेणे आणि स्थिर विद्युतभाराचा बंदोबस्त करणे ही दोन कामे एकत्रच विचारात घ्यावीत, कारण अंगाला बसणारा चटका थांबेल की वाढेल हे पुष्कळ अंशी नळीच्या निवडीवर आणि तिच्या दोन टोकांच्या जोडणीवर ठरते.

माप

नळी यंत्राच्या तोंडावर बाहेरून चढते, म्हणून तोंडाचा बाहेरचा व्यास हाच नळीचा आतला व्यास असावा लागतो. जुन्या नळीचे बाहेरचे माप घेऊन नवी मागवण्याची चूक मी एकदा केली आहे. वळ्यांची, म्हणजे नळीभोवती गोल फिरत जाणाऱ्या उंचवट्यांची, जाडी त्या मापात धरली गेली आणि आलेली नळी तोंडावर सैल बसली. व्यास मोजायचे व्हर्नियर नसेल तर तोंडाभोवती दोरा गुंडाळून परीघ मोजावा आणि त्याला 3.14 ने भागावे. परीघ 317 मिमी भरला तर व्यास जवळपास 101 मिमी, म्हणजे ते तोंड 4 इंची आहे. 4 इंच म्हणजे 101.6 मिमी, त्यामुळे 100 मिमीची नळी त्यावर थोडी घट्ट जाते. टोक गरम पाण्यात धरून मऊ केले की ती चढते.

जागा वाचवण्यासाठी व्यास कमी करण्याचा मोह टाळावा. व्यास निम्मा केला की हवेला मिळणारी वाट चौथाईवर येते. भुसा आणि छिलके नळीत न साचता वाहत राहावेत यासाठी हवेचा वेग सेकंदाला सुमारे 20 मीटर असावा लागतो, आणि 100 मिमीच्या नळीत तो राखायचा तर ताशी साधारण 565 घनमीटर हवा ओढली गेली पाहिजे. उलट, पंखा लहान आणि नळी फार मोठी असली तर वेग पडतो आणि आडव्या भागात भुसा बसतो. वळ्यांची लवचीक नळी त्याच व्यासाच्या गुळगुळीत पाइपापेक्षा हवेला दुपटी-तिपटीने अडवते. म्हणून लांबचा पल्ला कडक पाइपाने गाठावा आणि लवचीक नळी शेवटच्या एक-दीड मीटरपुरतीच ठेवावी.

आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे, हेही आधी पाहावे. मोठ्या पंख्याचा डस्ट कलेक्टर भरपूर हवा ओढतो, पण त्याचा दाब थोडा, साधारण 2 ते 3 किलोपास्कल असतो. शॉप व्हॅक्युम, म्हणजे वर्कशॉपचा व्हॅक्युम क्लीनर, हवा कमी ओढतो, पण त्याची ओढ 20 किलोपास्कलच्या घरात जाते. डस्ट कलेक्टरची पातळ भिंतीची नळी शॉप व्हॅक्युमला लावली, तर तोंड बंद होताच ती चपटी होते.

पदार्थांपैकी पीव्हीसी स्वस्त असते, पण थंडीत ताठरते आणि जुनी झाली की वळ्यांच्या मधल्या पापुद्र्याला चिरा जातात. पॉलियुरेथेन घासाला कितीतरी जास्त टिकते. रंध्याचे जाड छिलके रोज जात असतील, तर जास्तीचा खर्च तिथेच करावा. पारदर्शक नळीत तुंबा कुठे बसला आहे हे बाहेरूनच दिसते, ही सोय मला मोलाची वाटते.

भार साचतो कसा

कोरडी धूळ प्लॅस्टिकच्या भिंतीला घासत जाते तेव्हा दोघांवर विरुद्ध भार जमतो. प्लॅस्टिक विद्युतरोधक असल्यामुळे भिंतीवरचा भार जिथल्या तिथे अडकून राहतो. नळीच्या बाहेरच्या अंगाला केसाळ लव फुटल्यासारखी धूळ चिकटलेली दिसते ती त्यामुळेच. हवेतील आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली गेली की हा त्रास वाढतो. दमट दिवसांत चटके बसत नाहीत, म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नये.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते नळीतल्या तारेकडे. पुष्कळ नळ्यांच्या वळ्यांत पोलादी तार असते आणि तार आहे म्हणजे अर्थिंग आहे, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात दोन्ही टोकांना प्लॅस्टिकमध्ये बंद राहिलेली तार कशालाच जोडलेली नसते; ती भोवतालच्या भिंतीच्या प्रभावाने भारित होते आणि संधी मिळताच सगळा भार एकाच ठिणगीत सोडते. नुसत्या प्लॅस्टिकवरून ठिणगी उडाली तर भिंतीचा लहानसा भागच रिता होतो. म्हणून न जोडलेल्या तारेची नळी बिनतारेच्या नळीपेक्षा वाईट, असे माझे स्पष्ट मत आहे.

धोका नेमका किती, हेही मोजून पाहावे. माणसाच्या शरीराची धारकता (भार साठवण्याची क्षमता) 150 पिकोफॅरड धरली आणि भार 10,000 व्होल्टपर्यंत चढला, तर ठिणगीत साडेसात मिलिज्यूल ऊर्जा असते. लाकडाच्या धुळीचा ढग पेटायला सहसा त्याहून अधिक ऊर्जा लागते आणि हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे काही दशक ग्रॅम धूळ असावी लागते. लहान वर्कशॉपच्या नळीत हे दोन्ही जुळून येणे विरळा. पण फिरत्या पात्याजवळ हात असताना अचानक बसलेल्या चटक्याने तो दचकून सरकू शकतो, आणि ही जोखीम रोजची आहे. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या धुळीला मात्र हा हिशेब लागू नाही. ती फार सहज पेटू शकते; ती लाकडाच्या धुळीबरोबर एका यंत्रात कधीही ओढू नये, आणि ग्राइंडरच्या ठिणग्या भुशाच्या पिशवीत जाऊ देऊ नयेत.

नळी ओळखणे आणि जोडणे

अँटिस्टॅटिक, म्हणजे भार साचू न देणाऱ्या, नळीच्या प्लॅस्टिकमध्येच कार्बन मिसळलेला असतो. अशा नळ्या बहुधा काळ्या असतात, पण काळा रंग हा पुरावा नव्हे. मल्टिमीटर सर्वांत वरच्या ओहम श्रेणीवर ठेवून त्याच्या काड्या नळीच्या भिंतीवर दोन टोकांना टेकवाव्यात. साध्या प्लॅस्टिकवर आकडाच येत नाही, कार्बनच्या नळीवर किलोओहम ते मेगाओहममधला आकडा दिसतो. तारेच्या नळीत तार उघडी करून मोजली की थोडेच ओहम येतात.

तारेची नळी घेतली असेल तर दोन्ही टोकांना 50 मिमी लांबीपर्यंत वळ्यावरचे प्लॅस्टिक धारदार सुरीने उकलावे आणि तार पकडीने बाहेरच्या बाजूला वळवावी. ती आत वळवली तर छिलके तिला अडकून तिथेच तुंबा बनतो. यंत्राच्या तोंडाजवळच्या एका स्क्रूखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडावा आणि दातेरी वॉशर घालून तार तिथे आवळावी. रंगावरच आवळलेली तार ओढून पाहिली तर घट्ट लागते, पण मीटरवर काहीच दाखवत नाही. मग क्लिप लावावी. वळा तिरका जात असल्याने सपाट क्लिप त्यावर नीट बसत नाही आणि फट राहते. वळ्यावरून जाण्यासाठी मध्ये पूल असलेली क्लिप घ्यावी, आणि वळा डावीकडे फिरतो की उजवीकडे हे पाहूनच ती मागवावी.

मध्ये हवेची वाट उघडणारे-बंद करणारे प्लॅस्टिकचे झडप-गेट असेल तर अर्थिंगची साखळी तिथे तुटते. त्याच्या दोन्ही बाजूंना तारेचा तुकडा जोडून ती सांधावी. पीव्हीसीच्या कडक पाइपावर बाहेरून गुंडाळलेली तार फक्त स्पर्शाच्या आसपासचा भार नेते, सगळी भिंत रिती करत नाही. नवीन जोडणी करत असाल तर पत्र्याचा पाइपच घ्यावा.

हातातल्या सँडरची, म्हणजे लाकूड घासायच्या यंत्राची, गोष्ट वेगळी आहे. असली हत्यारे बहुधा दुहेरी विद्युतरोधनाची असतात, त्यांना अर्थची तार नसते. म्हणून भार व्हॅक्युमच्या बाजूनेच निघाला पाहिजे, आणि त्यासाठी नळी, तिच्या टोकांचे दोन्ही कफ (जोडणीची तोंडे) आणि व्हॅक्युमचे तोंड हे सगळे वाहक असावे लागते. नळी अँटिस्टॅटिक आणि कफ साधे, अशी जोडणी केली तर बोटांना बसणारा चटका तसाच राहतो.

शेवटची तपासणी

प्लग काढून मल्टिमीटरची एक काडी प्लगच्या अर्थ पिनला आणि दुसरी सर्वांत लांबच्या तोंडाच्या उघड्या धातूला लावावी. धातूच्या जोडणीत हा आकडा काही ओहमच्या आत असावा. कार्बनच्या नळीमधून मात्र 1 मेगाओहमपर्यंत चालतो, कारण स्थिर भाराचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो, आणि 1 मायक्रोअँपिअर 1 मेगाओहममधून गेला तर जेमतेम 1 व्होल्ट साचतो. यंत्राच्या विद्युतसुरक्षेसाठी लागणारे अर्थिंग ही वेगळी बाब आहे. तिथे एवढा रोध मुळीच चालत नाही, आणि इमारतीचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडूनच तपासून घ्यावे. नळीची तार न्यूट्रलला किंवा गॅसच्या पाइपाला कधीही जोडू नये.

कंपनाने वॉशर सैल होतात आणि वाकणाऱ्या जागी तार आतल्या आत तुटते, त्यामुळे पहिल्या आठवड्यानंतर आणि पुढे प्रत्येक वेळी पिशवी धुताना हेच मोजमाप पुन्हा घ्यावे. मी आकडा आणि तारीख कलेक्टरच्या अंगावर खडूने लिहून ठेवतो. मागचा आकडा 4 ओहम आणि आज मीटरवर आकडाच नाही असे दिसले, की तुटलेली जागा बहुतेक वेळा क्लिपच्या लगेच पुढच्या त्याच वाकणावर सापडते.