ऑफिसमधली एसीची भांडणं कशी मिटवावीत

एक आधीच मान्य करून टाका: सगळ्यांना सुखावणारं तापमान नसतंच. किती लोकांना खोलीतलं तापमान सुखाचं वाटेल, याचं गणित डेन्मार्कचे अभियंते ओले फँगर यांनी १९७० साली मांडलं; त्यात सगळं जुळून आलं, तरी ५ टक्के लोक नाखूशच राहतात. तेव्हा रिमोट बाजूला ठेवा.

१. तक्रार करणाऱ्याच्या खुर्चीत पंधरा मिनिटं बसा. लांबून काही कळत नाही. मानेवर किंवा घोट्यांवर गार झोत येतोय का? मग एसीच्या पात्या वळवा किंवा टेबल सरकवा. खिडकीच्या काचेला हात लावून बघा. काच तापली असेल, तर थर्मामीटर २४ अंश दाखवत असला तरी त्या बाजूचा खांदा भाजतच राहतो. अशा वेळी एसी वाढवला की आतल्या रांगेतले कुडकुडतात आणि खिडकीतला माणूस तसाच वैतागलेला. इथे ऊन अडवायला हवं. पडदा चालेल, पण छज्जा किंवा झडप काचेच्या बाहेर असेल तर उत्तम, कारण उष्णता आत येण्याआधीच अडते.

२. हवा कोंदट आहे का ते मोजा. कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर मीटिंग रूममध्ये ठेवा. बाहेरच्या हवेत हे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. आत ते १००० च्या वर रेंगाळत असेल, तर माणसांच्या मानाने ताजी हवा कमी पडतेय. बहुतेक स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून फिरवतात, त्यामुळे गारवा असूनही डोकं जड होतं. खिडकी उघडा, नाहीतर बाहेरची हवा आणणारा पंखा बसवा.

३. स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवा. चकाकीच्या बऱ्याच तक्रारी एवढ्यानेच मिटतात.

४. आवाजाचं जरा अवघड आहे. पंख्याची घरघर कानाला सवयीची होते. शेजारच्याचं फोनवरचं बोलणं मात्र शब्दन् शब्द कळतं आणि काम तिथेच अडकतं. दार बंद होणारी एखादी खोली फोनसाठी राखून ठेवा. नुसत्या 'शांतता राखा' पाट्यांनी काही होत नाही.

५. थोडा ताबा ज्याच्या-त्याच्या हातात द्या. टेबलावरचा छोटा पंखा पुष्कळ काम करतो: अंगावर वारा असला की एसी एक-दोन अंश वर ठेवला तरी चालतो, आणि ज्याला वारा नको तो आपला पंखा बंद करतो. भिंतीवरचं बटण मात्र खरंच एसीला जोडलेलं आहे ना, ते पाहून घ्या. काही इमारतींत ते निव्वळ समजुतीसाठी लावलेलं असतं.

यातलं काहीही बदललंत की आठवडाभराने त्याच माणसाला विचारा, आणि ऋतू पालटला की पुन्हा एकदा.