मुंबईच्या किनाऱ्याचे जुने फोटो पाहताना या चुका टाळा

‘अपोलो बंदर, मुंबई, १८९०’ अशी ओळ, आणि फोटोत ताजमहाल हॉटेलचा घुमट दिमाखात उभा. असा फोटो अधूनमधून कुठल्या तरी ग्रुपवर फिरत येतो, खाली ‘काय होती आपली मुंबई!’ अशा प्रतिक्रिया पडतात आणि तो पुढे सरकतो. ताज सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ ला. म्हणजे ओळ लिहिणाऱ्याने निदान तेरा वर्षं आपल्या पदरची घातली आहेत.

अपोलो बंदराचा, म्हणजे जुन्या लोकांच्या पालवा बंदराचा काळ ठरवणं खरं तर सोपं आहे. तिथल्या ठळक वास्तू एकामागून एक येत गेल्या आणि त्यांच्या तारखा पक्क्या आहेत. ताज आहे पण गेटवे नाही, तर फोटो ढोबळमानाने १९०३ ते १९२० च्या आसपासचा. गेटवेचा पाया १९२० मध्ये पुरा झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. अर्धवट कमानीभोवती बांधकामाच्या परांच्या दिसल्या की फोटो या चार वर्षांतला. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असेल तर २६ जानेवारी १९६१ नंतरचा, कारण त्याआधी तिथे पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. ताजच्या शेजारी उंच टॉवर नसून ग्रीन्स हॉटेल दिसत असेल, तर १९७० च्या दशकाच्या अलीकडे येऊच नका.

एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना लोक साल ठरवतात ते फोटोच्या रंगावरून. पिवळट म्हणजे जुना आणि काळापांढरा म्हणजे त्याहून थोडा नवा! पिवळटपणा हल्ली मोबाइलवर एका बोटाने येतो, हे लक्षात असू द्या.

किनारा आज आहे तिथेच होता असं धरणं

माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीच्या पोटातून निघतात. आपण फोटोत इमारती शोधतो, माणसं शोधतो, गाड्या शोधतो आणि पाण्याची कड गृहीत धरतो. मुंबईत नेमकी तीच सरकत आली आहे.

राजाबाई टॉवरवरून पश्चिमेकडे घेतलेलं दृश्य घ्या. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, त्यानंतरच्या काळातलं. खाली मैदान, आज ज्याला आपण ओव्हल म्हणतो ते. मैदानापलीकडे बीबीसीआय रेल्वेचे (आताच्या पश्चिम रेल्वेचे) रूळ. आणि रुळांपलीकडे पाणी. मरीन ड्राइव्ह नाही, ओव्हलसमोरची आर्ट डेको इमारतींची रांग नाही, मध्ये काहीच नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा फोटो भलत्याच शहराचा असावा किंवा कोणी तरी संगणकावर जोडून केला असावा. पण हायकोर्ट, विद्यापीठ आणि जुनं सचिवालय पश्चिमेकडे तोंड करून एका ओळीत का उभी आहेत, याचं उत्तर याच दृश्यात आहे. ती बांधली तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. आज त्यांच्यासमोर मैदान आहे, मैदानापुढे १९३० च्या दशकातली घरं आणि त्या घरांच्या पाठीमागे कुठे तरी समुद्र. २०१८ मध्ये युनेस्कोने या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. एका मैदानाच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगवेगळ्या काळातले दोन किनारे.

या बाजूचा फोटो हातात आला तर आधी रेल्वे शोधा. तेव्हा गाडीचा प्रवास चर्चगेटला संपत नसे, ती पुढे कुलाब्यापर्यंत जायची. कुलाबा स्टेशन १९३० च्या अखेरीस बंद झालं आणि रूळ उखडले गेले. त्या जागी आज बधवार पार्कची रेल्वे वसाहत आहे. या मार्गावर विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ पासून धावू लागली. तेव्हा चर्चगेटच्या दक्षिणेला रुळांवर विजेची गाडी दिसली, तर तो फोटो जेमतेम तीन वर्षांच्या पट्ट्यात अडकवता येतो. एवढा नेमका काळ पोशाखांवरून किंवा घोडागाड्यांवरून कधीच निघणार नाही.

बॅकबेचे, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरच्या उपसागराचे, १९२० च्या दशकातले फोटो तर हमखास चुकवतात. पाण्यात लांबलचक भिंत, आत गढूळ तळं, अर्धवट भराव. खाली ओळ असते ‘पुरानंतरची मुंबई’ किंवा ‘दलदलीतून उभी राहिलेली मुंबई’. तो पूरही नाही आणि आदिम दलदलही नाही, ती सरकारी योजना आहे! गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सुरू झालेल्या भरावाच्या कामात भिंतीच्या आत ओतलेला गाळ फटींतून परत समुद्रात जात होता आणि खर्च फुगत होता. खुर्शेद नरिमन यांनी हा कारभार चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते त्यातून निर्दोष सुटले. पुढे त्याच बॅकबेत भराव घालून जे टोक तयार झालं त्याला नरिमन पॉइंट म्हणतात. त्याहीआधी, १८६० च्या दशकात कापसाच्या तेजीत बॅकबे भरायला निघालेली कंपनी १८६५ च्या शेअर कोसळण्यात बुडाली होती. म्हणजे ‘बॅकबे भराव’ एवढ्याच शब्दांवर विसंबून साल लावलंत तर साठ वर्षांची चूक सहज होईल.

पूर्वेकडे, बंदराच्या बाजूला, हीच गोष्ट वेगळ्या वेगाने झाली. अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खोदताना निघालेली माती टाकून पोर्ट ट्रस्टने बॅलार्ड इस्टेटची जमीन केली आणि १९१४ ते १९१८ च्या दरम्यान तिथल्या इमारती उठवल्या. अपोलो बंदरावरही १९१५ ते १९१९ या काळात भराव घालून नवी समुद्रभिंत बांधली. तेव्हा ताजपुढचा १९०५ चा काठ आणि आजचा काठ एकच समजून ‘रस्ता किती अरुंद होता’ असले निष्कर्ष काढू नका.

कफ परेडच्या जुन्या फोटोंत बंगल्यांच्या पायाशी समुद्र दिसतो. आज त्याच बंगल्यांसमोर गगनचुंबी इमारती आहेत. इथे समुद्र स्वतःहून मागे हटलेला नाही, त्याला मागे ढकललं आहे.

ओहोटीला ‘बदल’ समजणं

वरच्या चुकीची ही धाकटी बहीण. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. एका फोटोत पायऱ्यांना लागलेलं पाणी आणि दुसऱ्यात उघडे पडलेले खडक व चिखल दिसला, तर तो सहा तासांचाही फरक असू शकतो. ‘तेव्हा आणि आता’ची जोडी लावताना दोन्हीकडे पाण्याची पातळी सारखी आहे का, हे भिंतीवरच्या ओल्या काळ्या पट्ट्यावरून कळतं. पट्टा उघडा असेल तर ओहोटी. गिरगाव चौपाटीच्या फोटोंत अशी भिंत नसते, तिथे जास्तच जपून.

आणि एक गंमत: गेटवेच्या कमानीतून दिसणारा तांबडा सूर्य ‘सूर्यास्त’ म्हणून पाठवू नका. गेटवे पूर्वेच्या बंदरावर आहे. शहराकडून बघताना कमानीपलीकडे दिसतो तो उगवता सूर्य. मावळता बघायचा तर मरीन ड्राइव्हला जा.

‘तेव्हा गर्दीच नव्हती हो’

१८५० आणि ६० च्या दशकांतले बंदराचे फोटो रिकामे दिसतात. रस्ता मोकळा, धक्का मोकळा, समुद्र कसा दुधासारखा सपाट. लोक हळहळतात, की काय निवांत शहर होतं! १८६४ च्या जनगणनेत याच शहरात ८,१६,५६२ माणसं मोजली गेली आणि कापसाच्या तेजीमुळे धक्क्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. मग ती माणसं गेली कुठे? तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेच्या ओल्या प्लेटवर घेत आणि त्यावर चित्र उमटायला काही सेकंद लागत. तेवढ्या वेळात जो हलला तो धूसर झाला किंवा उमटलाच नाही. लाटाही तशाच पुसल्या गेल्या. फोटोत नीट दिसतात ते थांबलेले: भिंतीला टेकलेला शिपाई, नांगर टाकलेलं जहाज, झोपलेला हमाल. स्क्रीनवर मोठं करून धक्क्याच्या कडेला पाहा, एखादं पाय असलेलं पण डोकं नसलेलं धुकं सापडेल. तीच गर्दी.

त्या प्लेटला निळा रंग फार लवकर लागायचा, म्हणून आभाळ पांढरंफटक येई आणि कित्येक फोटोग्राफर दुसऱ्या काचेवरचे ढग त्यात छापून घेत. तेव्हा ढग दिसले म्हणून ‘पावसाळ्यातलं बंदर’ लिहू नका.

माणसंही अशीच चिकटवली जात. विल्यम जॉन्सन याने १८६० च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले. त्यांत स्टुडिओत उभी केलेली माणसं आणि वेगळीकडे टिपलेली मुंबईची दृश्यं एकत्र छापलेली आहेत. फोटोची जोडाजोड ही आजकालची खोड आहे असं समजणाऱ्यांनी हे खंड जरूर पाहावेत. माणसाच्या पाठीमागे बंदर आहे म्हणून तो माणूस बंदरावर उभा होता असं धरता येत नाही.

याच कारणाने कोळी आणि गोदीतले कामगार या फोटोंत शोधणं अवघड जातं. कॅमेरा ज्यांच्या पैशाने आला त्यांनी धक्के, गोदामं, जहाजं आणि पुतळे टिपले. मासळी उतरवणाऱ्या बायका फ्रेमच्या कडेला, अर्ध्या कापलेल्या. म्हणून फोटोची कड कापून ‘सुबक’ करू नका. कामाचं बहुतेक वेळा कडेलाच असतं.

पोस्टकार्डावर आंधळा विश्वास

रंगीत जुनं पोस्टकार्ड म्हणजे रंगीत फोटो नव्हे. मूळ काळ्यापांढऱ्या फोटोवर छापखान्यात रंग चढवलेले असतात आणि ते चढवणाऱ्याने मुंबई बहुधा पाहिलेलीही नसते. सगळी आभाळं गुलाबी, सगळी लुगडी एकाच लाल रंगाची, पाणी पोपटी. त्यावरून इमारतीचा ‘मूळ रंग’ ठरवणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका.

कार्ड उलटून बघा. राजाच्या डोक्याचं तिकीट असेल तर सातवा एडवर्ड म्हणजे १९०२ पासून पुढे, पाचवा जॉर्ज म्हणजे १९११ पासून. टपालाचा शिक्का वाचता आला तर उत्तमच. पण शिक्का सांगतो तो कार्ड पाठवल्याचा दिवस. दुकानदार जुनाच साठा वर्षानुवर्षं विकत, त्यामुळे फोटो शिक्क्याच्या बराच आधीचा असू शकतो. शिक्क्याने फक्त ‘याच्यानंतरचा नाही’ एवढं सिद्ध होतं.

उलट छापलेले फोटोही बरेच असतात, कारण काचेची प्लेट कुठल्याही बाजूने धरता येते. पाट्या वाचता आल्या तर लगेच कळतं. नाही तर हे लक्षात ठेवा, की समुद्रातून बघताना ताज डावीकडे आणि गेटवे उजवीकडे असतो.

ऐकीव गोष्टी फोटोला चिकटवणं

‘ताज उलटं बांधलं गेलं आणि वास्तुविशारदाने जीव दिला’ ही गोष्ट प्रत्येक जुन्या फोटोसोबत येते. आराखडा करणाऱ्यांपैकी एक, सीताराम खंडेराव वैद्य, काम पुरं होण्याआधीच वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने, दोन पाखांच्या मधून होता, जिथे आज पोहण्याचा तलाव आहे. तो तसाच ठरवलेला होता. दुसरी गोष्ट गेटवेची: २ डिसेंबर १९११ ला पाचवा जॉर्ज उतरला तेव्हा गेटवे नव्हतं. त्या दिवसाच्या फोटोत दिसतो तो तात्पुरता मंडप. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ मध्ये. आणि गोद्यांवरच्या धुराचा फोटो आला, तर १४ एप्रिल १९४४ चा फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट आणि फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव यांची गल्लत करू नका.

आजचा फोटो घेताना

जुन्या फोटोशेजारी लावायला नवा फोटो घेणारे बहुतेक जण झूमशी खेळत बसतात. झूमने आकार बदलतो, इमारतींची आपापसातली मांडणी बदलत नाही. ती बदलते पाय हलवल्याने. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची खूण अशी जोडी पकडा, समजा दिव्याचा खांब आणि त्याच्या मागे घुमटाची कड. जागेवर जाऊन त्या दोन्ही एकमेकांवर येईपर्यंत डावीउजवीकडे सरका. अशा दोन जोड्या जुळल्या की जुना कॅमेरा जिथे होता त्याच्या अगदी जवळ तुम्ही आलात, झूम त्यानंतर. फोन वर तिरका करू नका, इमारती मागे पडल्यासारख्या दिसतात. जुन्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवायची सोय होती, म्हणून त्यांच्या भिंती सरळ येत. तुम्ही फोन सरळ धरा, वरचा भाग येईल इतकं मोठं चित्र घ्या आणि खालचं नंतर कापा. फोनमधली मोठ्या कोनाची, ‘०.५’ लिहिलेली लेन्स अजिबात नको.

बंदरावरचे जुने फोटो पुष्कळदा जहाजाच्या डेकवरून घेतलेले आहेत. ते दृश्य किनाऱ्यावरून मिळणार नाही. घारापुरी किंवा मांडव्याच्या लाँचमध्ये बसा, शहराकडची बाजू धरा आणि लाँच वळण्याच्या आधीच एकापाठोपाठ भराभर फोटो घ्या.

रंग भरणाऱ्या आणि ‘स्पष्ट’ करणाऱ्या अॅपबद्दल एवढंच, की ती न दिसणारे चेहरे आणि पाट्यांवरची अक्षरं मनाने रचतात. असा फोटो शोभेला ठेवा, पण साल ठरवायला मूळ प्रतच वापरा. ओळ लिहिताना ‘१८९०’ असं ठासून लिहिण्यापेक्षा ‘ताज आहे, गेटवे नाही, १९०३ नंतरचा, १९२० च्या आसपासपर्यंतचा’ असं लिहिलंत तर पुढच्याला ते तपासताही येतं.