मांडीचं हाड मोडलेल्या मुलाला घरी कसं सांभाळावं

विटांचा ढीग सरकला तेव्हा मी चार हातांवर सुतळीचा गुंता सोडवत बसलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत तासगावजवळच्या आमच्या गावी किल्ल्याची तयारी चालली होती. साडेचार वर्षांचं पोरगं ढिगावर चढलं, पाय मुडपून खाली आलं आणि त्याच पायावर दोन विटा पडल्या. उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. डॉक्टरांनी भूल देऊन हाड सरळ केलं आणि छातीखालून उजव्या घोट्यापर्यंत व डाव्या गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं. त्यांचं काम तासाभरात झालं. पुढचे सहा आठवडे आमचे होते. डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल एकच ओळ होती, ‘प्लास्टर कोरडे ठेवावे.’ कमरेभोवती प्लास्टर असलेलं मूल शी-शू तिथल्या तिथेच करणार, मग ते कोरडं ठेवायचं कसं, हे त्या ओळीत नव्हतं.

या प्लास्टरला डॉक्टर ‘स्पायका’ म्हणतात. साधारण सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ते घालतात. त्याहून मोठ्या मुलांच्या हाडात बहुतेक वेळा टायटॅनियमच्या लवचीक सळ्या घालतात. तुमच्या मुलाला सळ्या घातल्या असतील, तर खालचा शी-शूचा भाग सोडून द्या, बाकीचं उपयोगी पडेल.

जागेवरून दवाखान्यापर्यंत

मूल पाय हलवू देत नसेल, मांडी सुजून वेडीवाकडी दिसत असेल, तर उचलून छातीशी धरायचा मोह आवरा. पाय ओढून सरळ करू नका, चोळू नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी किंवा घडी केलेलं पांघरूण ठेवा आणि ओढणीने मोडका पाय चांगल्या पायाला बांधा. गाठ मोडलेल्या जागेवर येऊ देऊ नका. मग १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर लागणार असेल, तर मुलाला फळीवर किंवा ताठ गादीवर घेऊन मोठ्या गाडीत आडवं न्या. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून तर अजिबात नेऊ नका. हाड बाहेर दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाका, आत ढकलू नका. मूल पांढरं पडलं, घामाने भिजलं, गुंगीत जाऊ लागलं, तर आत रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी जवळ जे मोठं रुग्णालय असेल ते गाठा.

आमच्याकडून झालेली चूक सांगतो. आईने कळवळून त्याला साखरपाणी आणि लाडवाचा तुकडा दिला. भूल द्यायला पोट रिकामं लागतं, घन खाण्यानंतर साधारण सहा तास थांबतात. त्या अर्ध्या लाडवापायी पोरगं रात्री साडेनऊपर्यंत कळवळत राहिलं.

गावात कोणीतरी हाडवैद्याचं नाव काढतंच. आमच्याकडेही काढलं. घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्यांनी रक्तपुरवठा तुटून हातपाय कायमचे आखडलेली मुलं हाडांच्या डॉक्टरांना आजही पाहावी लागतात. या आखडण्याचं वर्णन फोल्कमन या जर्मन सर्जनने १८८१ मध्येच करून ठेवलंय. तेव्हा वडीलधाऱ्यांचा मान राखा, पण गाडी दवाखान्याकडेच वळवा.

दवाखान्यात ‘कसं पडलं, कोण होतं, किती वाजता’ हे तीन-चार जण वेगवेगळं विचारतील, कदाचित पोलिसांकडेही नोंद जाईल. लहान मुलाच्या मोठ्या फ्रॅक्चरला हे विचारायलाच हवं. मला मात्र तेव्हा प्रत्येक प्रश्न ‘तू कुठे होतास?’ असाच ऐकू येत होता.

घरी निघण्याआधी

वॉर्डमधल्या सिस्टरकडून एकदा लंगोट बदलणं आणि एकदा कुशीवर वळवणं स्वतःच्या हाताने करून घ्या. नुसतं बघून कळत नाही. प्लास्टर पीओपीचं आहे की फायबरचं, हे विचारा. फायबरचं लवकर वाळतं, पीओपीचं एवढं मोठं प्लास्टर पुरतं वाळायला दोन-तीन दिवस घेतं. तोवर ते तळव्यांवर तोलायचं, बोटं रुतवायची नाहीत, कारण बोटाचा खड्डा आतून कातडीला टोचत राहतो. त्यावर पांघरूणही घालायचं नाही. दोन पायांच्या मध्ये आडवी दांडी असेल, तर ती धरून मुलाला उचलू नका. ती हँडलसारखी दिसते आणि प्रत्येक पाहुण्याचा हात आधी तिकडेच जातो.

दुखण्याच्या औषधाचा डोस मिलीलिटरमध्ये लिहून घ्या. पॅरासिटामॉलच्या बाटल्या ५ मिलीत १२०, १२५, २५० मिलीग्रॅम अशा वेगवेगळ्या येतात. बाटली बदलली की चमच्याचा हिशोबही बदलतो. ॲस्पिरिन मुलांना मनाने देऊ नका. खर्चाचा प्रश्न असेल, तर रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं काउंटर आहे का, ते भरती होतानाच विचारा.

पहिल्या रात्री

मूल झोपेत दचकून किंचाळतं. मांडीचे स्नायू आखडतात म्हणून असं होतं. प्लास्टर सुटलेलं नसतं, पण रात्री दोन वाजता ते पटत नाही. आम्ही घड्याळाकडे बघून औषध देत होतो आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसत होतो. चार-पाच रात्रींत हे ओसरलं.

पायाची बोटं मात्र दर दोन-तीन तासांनी तपासा. नख दाबून सोडलं की पांढरेपणा जाऊन दोन-तीन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोटं कोमट हवीत, आणि गुदगुल्या केल्यावर हलायला हवीत. औषध देऊनही दुखणं वाढतच चाललं, बोट हळूच सरळ केलं तरी मूल ओरडलं, बोटं निळी-पांढरी किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी निघा. सारख्या उलट्या आणि फुगलेलं पोट हीसुद्धा तातडीची गोष्ट. पोटावर प्लास्टर घट्ट बसलेलं असू शकतं.

कोरडं ठेवायचं म्हणजे काय करायचं

मुलगा दोन वर्षांपूर्वीच लंगोटातून सुटला होता. तो पुन्हा डायपरला आला आणि त्याला त्याची भयंकर लाज वाटली. यावर उपाय एकच, घरात कोणी हसायचं नाही आणि पाहुण्यांसमोर बदलायचं नाही.

आधी प्लास्टरला शी-शूसाठी ठेवलेल्या खिडकीच्या कडा झाकून घ्या. चार-पाच सेंटिमीटर लांबीचे वॉटरप्रूफ टेपचे तुकडे पाकळ्यांसारखे एकावर एक चढवत लावायचे. अर्धा तुकडा आत, अर्धा बाहेर. मग दोन डायपर लागतात. एक नेहमीच्या मापापेक्षा लहान, ज्याचे चिकटपट्टे कापून टाकायचे. तो कडेच्या आत पुढून-मागून सगळीकडे खोचायचा. मोठ्या मापाचा दुसरा डायपर प्लास्टरच्या वरून बांधायचा. लहान डायपर बाहेर लोंबला, तर ओल थेट प्लास्टरच्या कापसात जाते आणि तो कापूस घरी वाळत नाही. दिवसा दर दोन तासांनी, रात्री तीन-चार तासांनी बघा. लहान डायपरच्या आत सॅनिटरी पॅड ठेवला की रात्र निभते.

दुसरी युक्ती उताराची आहे. छातीखाली उशा घालून डोक्याकडची बाजू कमरेपेक्षा उंच ठेवा, म्हणजे लघवी पाठीकडे न जाता खाली येते. आम्ही खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या. त्याच ढिगातल्या. सांगितलं तर समजेल असं मूल असेल, तर मुलग्याला युरिन पॉट आणि मुलीला उथळ बेडपॅन देऊन बघा.

दर दोन-तीन तासांनी कूस बदला, दिवसातून काही वेळ पालथंही ठेवा. पालथं असताना बोटं गादीवर टेकू देऊ नका, घोट्याखाली उशी घ्या. उताणं असताना टाच अधांतरी हवी. रोज रात्री टॉर्च घेऊन सगळ्या कडांच्या आत बघा आणि वास घ्या. घामाचा आंबूस वास येणारच. कुजका वास, नवा डाग, ताप किंवा एकाच जागी सतत टोचणं जाणवलं, तर डॉक्टरांना दाखवा.

खाजेवर फूटपट्टी, विणायची सुई काही चालत नाही. आत जखम झाली तर दिसत नाही. वरून टिचक्या मारा किंवा हेअर ड्रायरची थंड हवा सोडा, गरम नको. आत पावडर टाकू नका. आणि जेवताना छातीवर टॉवेल घाला. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी ‘आत काहीतरी चालतंय’ अशी तक्रार आली. ते चुरमुरे निघाले. त्यांच्यामागून आलेल्या मुंग्याही निघाल्या.

पोट आणि करमणूक

पोट आवळलेलं असतं म्हणून थोडं-थोडं, पाच-सहा वेळा खायला द्या. बद्धकोष्ठ हमखास होतं, त्यामुळे पाणी, भिजवलेल्या मनुका, पपई, भाज्या द्या. दूध, अंडी, डाळी, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व द्यावं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं. शेजारच्या काकूंनी कांडवेल आणली होती, हाडं सांधायला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात काही द्यायचं नाही, असं सांगून ती कुंडीत लावली. छान फोफावलीय.

माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग झाला तो चाकांच्या फळीचा. गल्लीतल्या सुताराने दोन फूट रुंद फळीला चार फिरती चाकं लावून दिली, वर जाड गादी. त्यावर पालथा झोपून तो हातांनी घरभर फिरायचा. मोबाइल द्यायचा की नाही, या वादात आम्ही पडलो नाही. संध्याकाळी एक तास दिला. पण सकाळी फळीवरून भाजी निवडायला, मटार सोलायला स्वयंपाकघरात यायचं, हे ठरलेलं. कामाला लावलेलं मूल कमी किरकिर करतं. बाहेर नेताना मात्र मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं न्या, तेही डॉक्टरांकडे जायचं असेल तरच.

भेटायला येणारे उंबऱ्यातूनच ‘अरेरे, काय झालं हे बाळाला!’ करतात आणि पोरगं रडवेलं होतं. आम्ही दारातच सांगायला लागलो, ‘आत येऊन त्याला किल्ल्याबद्दल विचारा.’ आजीने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, ती काढू दिली. त्याने प्लास्टर भिजत नाही.

प्लास्टर निघताना आणि नंतर

प्लास्टर कापायची करवत गोल फिरत नाही, थरथरते. कातडी तिच्याबरोबर हलते म्हणून सहसा कापली जात नाही, पण आवाज मोठा असतो. कान झाका आणि आधी सांगून ठेवा. आतून निघालेला पाय बारीक, केसाळ आणि पिवळट खपल्यांनी भरलेला असतो. आमच्याकडे तो बघून मुलगा नाही, मीच घाबरलो. खपल्या खरवडू नका. कोमट पाण्याने धुवा, खोबरेल तेल हलक्या हाताने लावा. दाबून मालिश नको, आणि गुडघा जबरदस्तीने वाकवू नका. लहान मुलं आधी रांगतात, मग भिंत धरतात, मग चालतात. डॉक्टरांनी वजन टाकायला हो म्हटलं की त्यांचं त्यांना ठरवू द्या.

पुढे काही महिने ते लंगडतं, पाऊल थोडं बाहेर टाकतं. या वयात मोडलेलं मांडीचं हाड जुळताना थोडं जास्त वाढतं, कधी एक सेंटिमीटर, कधी त्याहून थोडं जास्त. म्हणून डॉक्टर सुरुवातीला मुद्दाम जरासं आखूड बसलेलं हाड चालवून घेतात. एक्स-रेत टोकं एकावर एक दिसली म्हणून मी वॉर्डात भांडलो होतो, ते या अज्ञानापायी. पायांची लांबी वर्ष-दोन वर्षं मोजून घ्यायला जा. दुखणं नव्याने सुरू झालं किंवा लंगडणं कमी होण्याऐवजी वाढलं, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका.

कापलेलं प्लास्टर त्याला घरी न्यायचं होतं. वास असा, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. आठवडाभर ते अंगणात पडून होतं. मग त्यावर माती लिंपून त्याने भर डिसेंबरात किल्ला केला.