हलकी स्लाइड लावली की स्प्रिंगही बदला

पिस्तुलाची स्लाइड (गोळी सुटताच मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) हलकी केली म्हणजे धक्का कमी झाला, हा गैरसमज आहे. गोळी आणि वायूचा आवेग तोच राहतो. बदलते ती धक्क्याची चाल. हलकी स्लाइड जास्त वेगाने मागे जाते. पुढे-मागे सरकणारं वजन कमी असल्याने नळीचं टोक कमी डोलतं. पण मागच्या टोकाला स्लाइड फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या खालच्या सांगाड्यावर, जोरात आदळते.

मग स्लाइडला पुढे परत आणणारी स्प्रिंग कडक लावावी? तिथेच बरेच जण फसतात. कडक स्प्रिंग स्लाइड पुढे आपटते आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेमाची खूण) मागच्या साइटच्या खाचेखाली बुडते. २०११ धर्तीच्या (१९११ पिस्तुलावर बेतलेल्या, दुहेरी रांगेच्या मॅगझिनच्या) ९ मिमी पिस्तुलात साधारण ८ ते १२ पौंडांच्या स्प्रिंगा वापरतात. मधल्यापासून सुरुवात करून एकेक पौंड बदला. पाच गोळ्या सलग मारा, नजर फक्त फ्रंट साइटवर. ती खाली बुडत असेल तर एक पौंड उतरा. वर रेंगाळत असेल तर एक पौंड चढा.

काडतूस तेच ठेवा. १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट प्रतिसेकंदाने गेली तर पॉवर फॅक्टर (वजन गुणिले वेग, भागिले १,०००) १३० येतो, म्हणजे आयपीएससी या नेमबाजी स्पर्धेतल्या ‘मायनर’ या खालच्या पातळीला लागणाऱ्या किमान १२५ पेक्षा थोडा वर.

स्लाइड फार वेगाने परतली तर मॅगझिनची थकलेली स्प्रिंग पुढचं काडतूस वेळेत वर ढकलत नाही आणि स्लाइड रिकामीच बंद होते. दोष मॅगझिनचा वाटतो, तो निम्माच खरा.

फ्रेमवर चेपल्याच्या खुणा दिसल्या तर थांबा. धातू कापणं परवानाधारक कारागिराकडूनच, तेही स्पर्धेतल्या आपल्या गटाचे (डिव्हिजनचे) नियम वाचून.