मैफलीच्या आणि नाटकाच्या खुणा : कशा जमवाव्यात, कशा जपाव्यात

ठाण्यात राहणाऱ्या रसिकाला कलावंतांच्या स्वाक्षऱ्या, कार्यक्रमपत्रिका आणि जुनी हँडबिले जमवायची असतील तर फार लांब जावे लागत नाही. तलावपाळीच्या काठावरचे गडकरी रंगायतन, घंटाळीचे सहयोग मंदिर, डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, खाडी ओलांडली की वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, शिवाय पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ होणारा महापालिकेचा संगीत समारोह, असे बरेच काही हाताशी आहे. तरीही या शहरातल्या अनेक घरांत असे कागद पिशवीत कोंबलेले, पिवळे पडलेले आणि कोणाचे, कधीचे हे कोणालाच सांगता येत नाही अशा अवस्थेत आढळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. सही मिळवणे त्या मानाने सोपे असते. ती ज्या संध्याकाळी मिळाली, ती संध्याकाळ सहीबरोबर टिकवणे हे संग्राहकाचे खरे काम आहे.

सही कधी मागावी, हे आधी ठरवावे. मैफलीपूर्वी गायकाचे सारे लक्ष तंबोरे जुळवण्याकडे असते आणि नाटकाच्या मध्यंतरात नटाला रंगपटात कपडे बदलून पुढच्या अंकासाठी तयार व्हायचे असते, म्हणून या दोन्ही वेळा टाळाव्यात. कार्यक्रम संपल्यावर आयोजकांची किंवा नाटकाच्या व्यवस्थापकांची परवानगी घेऊन, कलावंताने पाणी पिऊन घाम पुसल्यानंतर, दोन वाक्यांत आपले म्हणणे सांगावे. नुसते ‘सही द्या’ म्हणण्याऐवजी ‘आपण आज गायलेल्या मारव्याची आठवण म्हणून या पत्रिकेवर सही हवी आहे’ असे म्हटले, तर समोरच्याला आपण ऐकायला आलो होतो हे कळते आणि पुष्कळदा सहीखाली रागाचे नाव किंवा तारीखही मिळून जाते. तबलावादकाच्या तळहातांना पावडर लागलेली असते, त्यामुळे त्यांना हात पुसायला अवधी द्यावा. नाहीतर कागदावर पांढरे ठसे उमटतात आणि शाई नीट बसत नाही. मुख्य कलावंताची सही घेऊन लगबगीने निघून जाणे मला योग्य वाटत नाही. तबला, संवादिनी आणि तंबोऱ्यावर बसलेल्यांच्या सह्याही त्याच पत्रिकेवर घ्याव्यात, कारण मैफल त्या सर्वांची मिळून झालेली असते आणि आज मागे तंबोरा धरून बसलेली विद्यार्थिनी दहा वर्षांनी त्याच मंचावर मधोमध बसलेली दिसू शकते.

कागद आणि लेखणी यांचाही विचार हवा. खरखरीत, मळकट पांढऱ्या कागदावर सही उत्तम बसते. गुळगुळीत आर्ट पेपरवर बॉलपेन घसरतो आणि जेलपेनची शाई बराच वेळ ओली राहते, म्हणून अशी स्मरणिका सही झाल्यावर लगेच मिटू नये. बॉलपेनच्या शाईतला रंग उजेडाने उडतो, तर जाड मार्करची शाई पातळ कागदाच्या पलीकडे पाझरते. ज्यावर ‘पिगमेंट’ शाई असे लिहिलेले असते तो काळा पेन दोन्ही बाबतींत अधिक भरवशाचा असतो. एलपीच्या कव्हरवर सही घ्यायची असेल, तर आतली रेकॉर्ड आधी काढून ठेवावी, कारण पेनाचा दाब कव्हरमधून खालच्या खाचांपर्यंत पोहोचू शकतो. पत्राने सही मागवणाऱ्यांनी पत्र छोटे लिहावे आणि स्वतःचा पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडावे.

सही मिळाली त्याच रात्री, झोपण्यापूर्वी, एका वेगळ्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने तारीख, वार, स्थळ, साथीदार, गायलेले राग आणि सही नेमकी कुठे व कशी मिळाली हे लिहून ठेवावे. पेन्सिलीचे ग्रॅफाइट उडत नाही आणि पाण्याने पसरतही नाही. हीच नोंद एका नोंदवहीत क्रमांक देऊन उतरवावी आणि तो क्रमांक कागदाच्या मागे कोपऱ्यात, अगदी हलक्या हाताने घालावा.

नोंद नसलेले जुने कागद हाती आले तर त्यांची तारीख शोधता येते, आणि या छंदातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. नाटकाच्या हँडबिलावर वार आणि तारीख असते, पण साल बहुधा नसते. वडिलांच्या ट्रंकेत मला एका संगीत नाटकाचे गुलाबी हँडबिल सापडले. त्यावर ‘रविवार दि. २३ नोव्हेंबर’, गडकरी रंगायतन आणि तळाशी ठाणे नगरपालिकेचा उल्लेख एवढेच होते. रंगायतन १९७८ च्या डिसेंबरात सुरू झाले, म्हणजे हा प्रयोग त्यानंतरचा. ठाण्याची महापालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली, म्हणजे तो त्याआधीचा. मधल्या काळात नोव्हेंबर महिने तीनच येतात. २३ नोव्हेंबरला १९७९ मध्ये शुक्रवार होता, १९८१ मध्ये सोमवार होता आणि १९८० मध्ये रविवार होता. दहा मिनिटांत त्या गुलाबी कागदाला त्याची दुपार परत मिळाली आणि आईला तो प्रयोग आठवलासुद्धा, कारण माझी थोरली बहीण तेव्हा तान्ही होती आणि तिला शेजारी ठेवून दोघे गेले होते.

अशा खुणा पुष्कळ असतात. तिकिटाचा दर आण्यांत असेल तर कागद सहसा १९५७ च्या आधीचा असतो, आणि ‘नये पैसे’ हे शब्द असतील तर तो १९५७ ते १९६४ या काळातला असण्याचा संभव मोठा असतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा असतो. त्यापूर्वी ‘मुंबई २८’ असा छोटा विभाग क्रमांक पुरत असे. ‘मुंबई राज्य’ असा उल्लेख १ मे १९६० च्या आधीचा काळ दाखवतो. छापखान्याचे नाव तळाशी बारीक टायपात असते, तेही टिपून ठेवावे, कारण एकाच छापखान्याची दोन हँडबिले शेजारी ठेवली की टाइप आणि किनारी यांवरून तिसऱ्याचा काळ उमगतो.

विकत घेताना हीच दृष्टी उपयोगी पडते. रद्दीच्या दुकानांत आणि मुंबईच्या चोरबाजारात अजूनही चांगल्या वस्तू मिळतात, पण थोर कलावंताचे नाव सांगून किंमत वाढवली जाते तेव्हा घाई करू नये. बॉलपेन बाजारात आला तो १९४० च्या दशकात; गायक अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले, म्हणून त्यांची बॉलपेनने केलेली सही कोणी दाखवली तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही. छापलेली सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची दिसते. बॉलपेनच्या खऱ्या सहीचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला बोटांना जाणवतो, शाईपेनच्या सहीत जिथे रेघ थांबते किंवा वळते तिथे शाई किंचित दाट होते, आणि पाहून पाहून काढलेल्या सहीत रेघ मध्येच अडखळलेली, कापरी दिसते. कागदाला चकाकी आणणारी रसायने छायाचित्रांच्या कागदांत १९५० च्या दशकापासून वापरली जाऊ लागली, म्हणून १९२० च्या सुमाराचे म्हणून दाखवलेले छायाचित्र नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली लख्ख चमकले, तर ते नंतर काढलेली प्रत असते. वय आणि आजारपण यांनी सही बदलते, त्यामुळे ताडून पाहण्यासाठी त्याच काळातली सही शोधावी.

जपणुकीचा मोठा शत्रू आपल्याकडे पावसाळा आहे. खाडीकाठच्या या शहरात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटात बुरशी धरतेच. कपाट आतल्या भिंतीशी ठेवावे, सर्वांत खालचा कप्पा मोकळा ठेवावा आणि डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून त्या दर पंधरवड्याला तपासाव्यात. कागद पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवू नयेत, कारण ते प्लास्टिक काळानुसार आम्ल सोडते आणि चिकट होते. पॉलिएस्टरची पाकिटे किंवा आम्लरहित कागदाचे लिफाफे वापरावेत. टाचण्या आणि स्टेपल काढून टाकावेत, सेलोटेप कधीही लावू नये. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी कागदाला न चिकटेल अशी ठेवण्याची जुनी पद्धत मला आजही पटते. लॅमिनेशन तर अजिबात करू नये. एका दुकानात मी हौसेने एक पत्रिका लॅमिनेट करून घेतली, तेव्हा उष्णतेने व्हायोलिनवादकाच्या सहीची शाई डोळ्यांदेखत पसरली, आणि आता ती सोडवण्याचा काही उपाय नाही.

कागद भिजले तर काय करावे, हे मी २६ जुलै २००५ नंतर शिकलो. आमच्या तळमजल्यावरच्या घरात पाणी शिरले आणि स्मरणिकांचा एक खोका पूर्ण भिजला. ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी येऊ लागते, म्हणून पहिले तास महत्त्वाचे असतात. साध्या कागदाची हँडबिले टीपकागदांमध्ये सुटी पसरून पंख्याखाली वाळवली ती वाचली. उन्हात टाकलेली वाकडी झाली आणि त्यांचे रंग उडाले. आर्ट पेपरच्या स्मरणिका मात्र तशाच वाळू दिल्या, आणि त्यांची पाने एकमेकांना कायमची चिकटून वीट झाली. असे गुळगुळीत कागद ओले असतानाच पानापानांत मेणकागद घालून वेगळे करावेत, आणि तेवढा वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावेत. पुढे सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात.

जुन्या ७८ गतीच्या रेकॉर्डी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी एक गोष्ट विसरू नये. त्या तबकड्यांत लाख असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून त्या स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसणे म्हणजे गाणेच पुसून टाकणे होय. मऊ कापड, ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो. मधले लेबल कोरडे राहिले पाहिजे. रेकॉर्डी उभ्या आणि सरळ ठेवाव्यात.

परदेशी राहणाऱ्या नातलगांना जुनी पत्रे भेट द्यायचा विचार असेल, तर पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा केंद्रीय कायदा ध्यानात ठेवावा. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचा, पंचाहत्तर वर्षे वा त्याहून जुना हस्तलिखित कागद या कायद्याच्या कक्षेत येतो आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेल्या संस्थेखेरीज कोणालाही तो देशाबाहेर नेता येत नाही. तसेच कलावंताचे पत्र आपल्या मालकीचे असले तरी त्यातला मजकूर छापण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांकडे असतो. म्हणून पत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी कुटुंबीयांना विचारावे. घरगुती दुखणी किंवा पैशांच्या अडचणी लिहिलेली पत्रे, परवानगी मिळाली तरी, मी बाहेर काढत नाही.

आपल्यामागे संग्रहाचे काय होणार, हे हातपाय चालत असतानाच ठरवावे. एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा संगीतसंस्थेला तो द्यायचा असेल, तर त्यांच्याकडे जागा आणि सांभाळणारे माणूस आहे का हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे, खोके परस्पर पोहोचवू नयेत. नोंदवहीच्या दोन छायाप्रती काढाव्यात; एक संग्रहाच्या पहिल्या खोक्यात सर्वांत वर ठेवावी आणि दुसरी घरातल्या अशा माणसाच्या हाती द्यावी, जो रद्दीवाल्याला वर बोलावण्याआधी ती उघडून पाहील.