फ्लीटच्या डिझेलच्या हिशेबात काम करायचंय? मग आधी टाकी समजून घ्या

गोव्यात फोंडा, कुंडई, वेर्णा या पट्ट्यात ट्रान्सपोर्टवाले आणि जीपीएस बसवणाऱ्या कंपन्या आता फ्युएल मॅनेजमेंटसाठी, म्हणजे फ्लीटच्या (मालकाच्या सगळ्या गाड्यांच्या) डिझेलच्या हिशेबासाठी, मुलं घेतायत, आणि डिप्लोमा किंवा बीकॉम झालेली आपली पोरं विचारतात की यात नेमकं काय शिकायचं. मी याच कामात आहे, सुरुवात गाड्यांना सेन्सर बसवण्यापासून केली, आता डेटा बघतो. जे कळलंय ते सरळ लिहितो.

जुनी पद्धत सगळ्यांना माहितीच आहे. ड्रायव्हर पंपावरची पावती आणून देतो, ऑफिसात कोणीतरी ती एक्सेलमधे चढवतं, आणि महिनाअखेर किलोमीटर भागिले लिटर करून ॲव्हरेज काढतात. ॲव्हरेज कमी आलं की कारण कोणालाच आठवत नाही, महिना गेलेला असतो. ऑटोमेशन म्हणजे हाच हिशेब रोजच्या रोज, गाडीगणिक, माणसाने न लिहिता तयार होणं.

त्यासाठी तीन ठिकाणांहून माहिती येते. एक पंपाकडून, म्हणजे फ्लीट कार्डाचं (ज्या कार्डाने गाड्यांच्या डिझेलचे पैसे भरतात त्याचं) स्टेटमेंट. इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्थान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस ही नावं रोज कानावर पडतील, यात गाडीवार लिमिट लावता येतं. दुसरी टाकीतल्या सेन्सरकडून आणि तिसरी जीपीएसकडून. कार्ड सांगतं किती लिटरचे पैसे गेले, टाकीत किती उतरलं ते कार्डाला माहीत नसतं, म्हणून तिन्ही एकमेकांवर ठेवून बघायचं. पैसे गेले त्या वेळी गाडी त्याच पंपावर होती का आणि टाकीची लेव्हल तेवढीच चढली का. खरं काम एवढंच, पण यातच सगळा जीव आहे.

आता टाकी. पोरं डॅशबोर्ड शिकून येतात, पण टिपरच्या टाकीखाली कधी वाकलेली नसतात. कपॅसिटिव्ह सेन्सर म्हणजे टाकीत उभी सोडलेली एक नळी, ती डिझेलची उंची सांगते, लिटर सांगत नाही. टाकीच्या कडा गोलसर असतात, त्यामुळे तळाचा एक इंच आणि मधला एक इंच यात सारखं डिझेल नसतं. म्हणून कॅलिब्रेशन करायचं: गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद, टाकी रिकामी करायची आणि मापाने २०-२० लिटर ओतत जायचं, प्रत्येक वेळी लेव्हल स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मगच रीडिंग लिहायचं. उन्हात अंगाला डिझेलचा वास मारत असतो, मालक गाडी सोडा म्हणून मागे लागलेला असतो, तरी घाई करायची नाही, कारण इथे चुकलेला एक आकडा पुढे कायम चुकीचाच हिशेब देत राहतो. पहिले काही महिने हेच काम मागून घ्या असं मी मनापासून सांगेन.

हे इतकं का सांगतोय, तर आमच्याकडे एका गाडीचा ग्राफ आला होता, अनमोड घाटात रात्री उभी असताना लेव्हल एकदम वीसेक लिटरने खाली. सिस्टमने चोरीचा अलर्ट दिला, मालकाने ड्रायव्हरच्या पगारातून कापायची तयारी केली. ड्रायव्हर बिचारा शपथा घेत होता. ग्राफ पुढे सरकवून बघितला तर गाडी सपाटीला आल्यावर तेच लिटर परत आलेले, आणि मधे कुठे भरल्याची नोंदच नाही. गाडी चढावर उभी, टाकी लांबट, सेन्सर एका टोकाला, डिझेल दुसऱ्या टोकाला सरकलेलं. सेन्सर टाकीच्या मधोमध बसवला किंवा लांब टाकीला दोन लावले की हे बरंचसं जातं. चोरी होते, मी नाही म्हणत नाही, पण चोरी हा शब्द तोंडातून निघायच्या आधी बाकीची सगळी कारणं तपासून झाली पाहिजेत, कारण त्या अलर्टच्या पलीकडे एक माणूस आणि त्याचं घर असतं.

आता ती बाकीची कारणं. जीपीएसची वेळ मुळात यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढे. सर्व्हरवर ते मिळवायचं राहिलं तर सकाळी ९ ला भरलेलं डिझेल पहाटे ३:३० ला भरल्यासारखं दिसतं, आणि मग त्या वेळी गाडी पंपावर नव्हतीच असा रिपोर्ट येतो. दुसरं, १६ जून २०१७ पासून देशभर रेट रोज बदलू शकतो आणि नवीन रेट सकाळी ६ ला लागतो, म्हणून रुपयांवरून लिटर काढताना पहाटेच्या पावत्या जपून बघा. गाडी नंबर तर विचारूच नका, डिचोलीची जीए ०४ कोणी स्पेस देऊन लिहितो, कोणी शून्याच्या जागी ओ, आणि कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळ्या गाड्या होतात. उष्णतेने डिझेल फुगतं, १० डिग्रीला साधारण ०.८ टक्के, म्हणजे २०० लिटरला दीड लिटरच्या वर. पंपाच्या मापाचा संशय असेल तर ५ लिटरचं स्टॅम्प केलेलं माप मागायचा हक्क आहे, २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही.

इथल्या गाड्यांची तऱ्हाच निराळी, एकच ॲव्हरेज सगळ्यांना लावू नका. खाणीचा टिपर भरलेला जेटीकडे उतरतो आणि रिकामा वर चढतो, त्याचा हिशेब ट्रिपवर किंवा टनावर करा. एक्स्कॅव्हेटरला किलोमीटरच नसतात, तिथे तासाला किती लिटर ते बघायचं. टुरिस्ट बस दाबोळी नाहीतर मोपा विमानतळावर एसी चालू ठेवून पॅसेंजरची वाट बघते, मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला तीनेक लिटरही पिऊ शकतं. हे आयडलिंग वेगळं काढून दाखवलंत की ड्रायव्हरही ऐकतात, मालकही. आमच्या अनुभवात खरी बचत जास्त करून इथूनच निघते, चोर पकडून नाही.

पावसाळ्याचं एक वेगळंच, जूननंतर अर्ध्या तक्रारी कनेक्टरमधे पाणी गेल्याच्या. खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, रीडिंग उड्या मारतं. मल्टीमीटर वापरता आला पाहिजे, ट्रकला २४ व्होल्ट आणि छोट्या गाडीला १२ एवढं तरी डोक्यात पक्कं पाहिजे. यार्डात स्वतःचं डिझेल ठेवणारा क्लायंट असेल तर कायदाही माहीत हवा, २५०० लिटरपर्यंत आणि एकही भांडं १००० लिटरपेक्षा मोठं नसेल तरच लायसन्सशिवाय चालतं.

शिकायचं काय म्हणाल तर एक्सेल चांगलं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) कामापुरतं, नव्या गाड्यांच्या कॅन बसमधून, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या वायरिंगमधून, फ्युएल रेट (इंजिन तासाला किती डिझेल पितं) कसा वाचतात ते. डिग्री कुठली यावर फारसं अडत नाही. भाषा मात्र लागतात, कोकणी, हिंदी, आणि सीमेपलीकडच्या ड्रायव्हरांसाठी थोडी कन्नड. गाडीला काय होतंय हे ड्रायव्हरला सगळ्यात आधी कळतं, त्याच्याशी चहाच्या गाड्यावर नीट बोललात तर तो अर्धं काम करून देतो.

इंटरव्ह्यूला गेलात तर एक प्रश्न तुम्हीच विचारा: अलर्ट आल्यावर तो ड्रायव्हरच्या मालकाकडे जायच्या आधी कोण तपासतं? थेट जातो असं उत्तर आलं तर त्यांना सांगा की ते तपासायचं काम मला द्या.